बदललेला सांधा पुन्हा दुखतो? सोसू नका, तपासून घ्या!



आमच्या विंचूर-लासलगावच्या कांदापट्ट्यात माणसाच्या गुडघ्याला उसंत म्हणून नाही. लागवडीला दिवसभर कमरेत वाकायचे, खुरपणीला उकिडवे बसायचे, कांदा काढून झाला की पात कापायला पुन्हा उकिडवेच बसायचे. ही कामे मुख्यतः बायका करतात आणि त्यातही आपल्या वस्तीतल्या बायका अधिक. दुसऱ्याच्या बांधावर तीस-चाळीस वर्षे अशी काढली की साठीत गुडघे जाब विचारू लागतात. आमच्या आजीच्या पिढीने अशा वेळी आधी काठी धरली, मग खाट धरली आणि तेथेच तिचा हिशेब संपला.

आज तसे राहिलेले नाही. बाबासाहेबांच्या पुण्याईने पोरे शिकली, नोकरीला लागली. आईला नाशिकला नेऊन तिचा सांधा बदलून आणण्याइतकी ऐपत काही घरांत आली. गावात याला 'वाटी बदलली' असे म्हणतात. प्रत्यक्षात नुसती वाटी बदलत नाहीत. मांडीच्या हाडाचे खालचे टोक आणि नडगीच्या हाडाचे वरचे टोक तासून त्यांवर धातूचे भाग बसवतात आणि मध्ये प्लॅस्टिकची चकती ठेवतात. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसवतात, त्यावर गोळा आणि त्या गोळ्यासाठी कमरेच्या हाडात खोबण. हे सर्व हाडाला पक्के राहावे म्हणून कधी विशेष प्रकारचे सिमेंट वापरतात, तर कधी खरखरीत धातूवर हाडच वाढून घट्ट पकडेल अशी रचना असते.

बहुतेकांना या शस्त्रक्रियेचा चांगला गुण येतो आणि तो अनेक वर्षे टिकतो. परंतु काही जणांचे दुखणे चार, आठ, बारा वर्षांनी परत येते. आमचा आजचा विषय ही मंडळी आहेत. कारण हे दुखणे घरात सहसा बोलले जात नाही. मुलाने एवढा पैसा घातला, आता पुन्हा दुखते म्हणून कसे सांगायचे, या संकोचाने आई गप्प बसते. शेजारीण म्हणते, वय झाले. कोणी म्हणतो, बाहेरचे काही असेल, अमक्याला दाखवा. पण बाहेरचे काही नसते. दुखण्याला कारण असते आणि ते शोधता येते. तथागतांनी दुःख सांगितले, दुःखाचे कारण सांगितले, मग त्यावरील मार्ग सांगितला. कारण ओलांडून कोणी मार्गाला लागत नाही. दुखण्याचेही तसेच आहे.

खुंटा ढिला का होतो?

गोठ्यातला खुंटा डोळ्यांसमोर आणा. नवा ठोकला तेव्हा घट्ट असतो. बैल रोज हिसके देतो. खुंटा केसभर हलतो, भोवतालची माती थोडी सरकते, भोक मोठे होते आणि भोक मोठे झाले की खुंटा आणखी हलतो. बदललेल्या सांध्याचेही पुष्कळदा असेच होते.

त्यामागचे एक मोठे कारण म्हणजे झीज. रोज हजारो पावले टाकताना प्लॅस्टिकच्या पृष्ठभागाचे अतिसूक्ष्म कण सुटतात. शरीरातील सफाई करणाऱ्या पेशी ते कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. त्या चिडतात आणि त्यांच्या चिडण्यातून भोवतालचे हाड विरघळू लागते. यात जंतूंचा काही संबंध नसतो. दुसरे कारण म्हणजे जंतुसंसर्ग. तो शस्त्रक्रियेच्या वेळचा असू शकतो किंवा पुढे कधी तरी पायाच्या जखमेतून रक्तावाटे सांध्यापर्यंत पोहोचलेला असू शकतो. हा फरक वाचकांनी पक्का लक्षात ठेवावा, कारण दोहोंचे उपचार अगदी वेगळे आहेत.

झिजेचा हा धडा वैद्यकशास्त्रही ठेच लागूनच शिकले. इंग्लंडमधील डॉ. जॉन चार्नली यांनी आधुनिक खुब्याचा सांधा घडवला. सुरुवातीला त्यांनी खोबणीसाठी टेफ्लॉन वापरले. काही वर्षांतच ते झिजले, भोवती सूज आली आणि सांधे ढिले पडले. तेव्हा या डॉक्टरने टेफ्लॉनचे आणि दुसऱ्या एका प्लॅस्टिकचे तुकडे स्वतःच्या मांडीत घालून पाहिले. टेफ्लॉनच्या जागी गाठ आली, दुसरे शांत राहिले. ते दुसरे म्हणजे पॉलिएथिलीन. नोव्हेंबर १९६२ पासून त्यांनी ते रुग्णांसाठी वापरायला सुरुवात केली. आजच्या सांध्यांतील प्लॅस्टिक त्याच घराण्यातले आहे. ते पुष्कळ सुधारले आहे, पण झीज शून्य झालेली नाही.

एक्स-रे काय दाखवतो, स्कॅन काय दाखवतो?

दुखणे परतले की पहिली तपासणी एक्स-रेचीच. ती स्वस्त आहे आणि तालुक्यालाही होते. धातू आणि हाड यांच्यामध्ये काळी फट दिसली, ती वर्षागणिक रुंदावत असली किंवा दांडा खाली सरकलेला दिसला, तर सांधा ढिला झाल्याचे तेथेच कळते. मात्र 'रुंदावत आहे' हे कळायला जुना एक्स-रे हाताशी हवा. शिवाय सुरुवातीच्या काळात फट इतकी बारीक असते की एक्स-रेत काहीच दिसत नाही. रुग्ण मात्र दुखते म्हणून सांगत असतो. अशा अडचणीत डॉक्टर बोन स्कॅन सुचवतात. ही न्यूक्लिअर मेडिसिनची, म्हणजे किरणोत्सारी औषधाच्या साहाय्याने करावयाची तपासणी.

हाड म्हणजे लाकडाचा ओंडका नव्हे. ते जिवंत असते. जुने हाड मोडत असते, नवे घडत असते. फॉस्फेटशी नाते असलेले एक औषध शिरेतून दिले तर जेथे नवे हाड घडत असते तेथे ते जास्त चिकटते. त्या औषधाला टेक्नेशियम नावाचे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडलेले असते. त्यातून निघणारे गॅमा किरण शरीराबाहेर ठेवलेला गॅमा कॅमेरा टिपतो आणि चित्र तयार करतो. हलणाऱ्या सांध्याभोवतीचे हाड सतत डिवचले जाते आणि सतत डागडुजी करीत राहते. म्हणून ती जागा चित्रात गडद उठून दिसते. एक्स-रे हा घराचा फोटो आहे असे समजले, तर या घरात गवंडी आज कोठे काम करतो आहे, ते बोन स्कॅन सांगतो. जेथे गवंडी वर्षानुवर्षे हटत नाही, तेथे भिंतीत काही तरी बिघाड आहे.

किरणोत्साराचा घसारा

'अणू' हा शब्द ऐकला की आपल्या माणसाच्या डोळ्यांपुढे हिरोशिमा येते. म्हणून येथे थोडा हिशेब मांडतो. आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी, तेव्हा घसाऱ्याच्या भाषेत सांगतो. ह्रासमान शेष पद्धतीत यंत्राची किंमत दरवर्षी उरलेल्या रकमेच्या ठरावीक टक्क्यांनी घटते. टेक्नेशियमचा घसारा दर सहा तासांनी पन्नास टक्के. सकाळी सहाला शंभर असेल तर दुपारी बाराला पन्नास, संध्याकाळी सहाला पंचवीस, मध्यरात्री साडेबारा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सव्वासहा. त्यात लघवीवाटेही बराच भाग निघून जातो. या तपासणीत शरीराला मिळणारा किरणोत्सार साधारण चार ते पाच मिलिसिव्हर्ट असतो. जमीन, हवा, अन्न आणि आकाश यांतून प्रत्येक माणसाला जगाच्या सरासरीने वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतो. म्हणजे दोन वर्षांचा नैसर्गिक वाटा एका दिवसात मिळाला, इतकाच अर्थ. विनाकारण घेऊ नये, पण कारण असताना भिऊही नये.

हे मूलद्रव्य १९३७ साली इटलीतील पालेर्मो येथे पेरिए आणि सेग्रे या दोन शास्त्रज्ञांनी ओळखले. माणसाने कृत्रिमरीत्या घडवलेले ते पहिले मूलद्रव्य. ते साठवून ठेवता येत नाही. म्हणून ६६ तास अर्धायुष्य असलेल्या मॉलिब्डेनमपासून रुग्णालयातच ते रोज ताजे काढतात. डॉक्टर मंडळी त्या उपकरणाला गाय म्हणतात आणि रोज सकाळी तिचे दूध काढतात!

आपल्या महाराष्ट्राचे या विद्येशी जुने नाते आहे. ज्या १९५६ सालच्या १४ ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षा दिली, त्याच वर्षी ४ ऑगस्टला तुर्भ्याला 'अप्सरा' ही भारताची पहिली अणुभट्टी सुरू झाली. पुढे १९६३ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राच्या छत्राखालील रेडिएशन मेडिसिन सेंटर मुंबईत परळला उभे राहिले. देशातील न्यूक्लिअर मेडिसिनचे अनेक डॉक्टर आणि तंत्रज्ञ तेथे शिकून तयार झाले. १९८९ मध्ये स्थापन झालेले विकिरण व आइसोटोप तंत्रज्ञान मंडळ वाशीहून देशभरच्या रुग्णालयांना या तपासण्यांची औषधे पुरवते. म्हणजे ही विद्या आपल्या कराच्या पैशातून वाढली आहे. तिच्यावर विंचूरच्या कांदा कापणाऱ्या बाईचाही हक्क आहे.

दोन दुखणी, दोन निकाल

गावातील रुग्णांचे कागद लावून देण्याचे काम आमच्याकडे येते. त्यातील दोन उदाहरणे नावे न घेता सांगतो.

पहिले उदाहरण आमच्या वस्तीतील एका आत्याचे. नऊ वर्षांपूर्वी तिचा गुडघा बदलला. पहिली सहा-सात वर्षे उत्तम गेली. १३ ऑक्टोबरला येवल्याच्या मुक्तिभूमीवर ती आपल्या पायांनी फिरायची. मग खाटेवरून उठल्यावर पहिली चार पावले टाकताना कळ येऊ लागली. चालू लागली की कळ कमी व्हायची आणि संध्याकाळी पुन्हा यायची. तिने कोणाला सांगितले नाही. कोपऱ्यातली काठी पुन्हा बाहेर आली हे सुनेने पाहिले आणि तिने आम्हाला बोलावले.

"आत्या, इतके दिवस सांगितलं का नाही?"

"बाबा, पोरानं सोसायटीचं कर्ज काढून पाय केला माझा. ते आत्ता कुठं फिटलं. परत दुखतंय म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?"

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. काही शंका वाटली, पण ठाम सांगता येईना. जुने एक्स-रे मागितले, तर ते दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याकडे गेलेले. रक्ताच्या तपासणीत संसर्गाची खूण नव्हती. मग बोन स्कॅन झाला. नडगीकडच्या भागाभोवती गडद पट्टा दिसला. सुईने सांध्यातील पाणी काढून तपासले, त्यात जंतू नव्हते. सर्व गोष्टी जुळवून डॉक्टरांनी निदान केले की संसर्ग नाही, पण भाग ढिला झाला आहे. दुसरी शस्त्रक्रिया झाली. आता आत्या वॉकर सोडून काठीवर आली आहे आणि विहारात खुर्ची टाकून वंदनेला बसते.

दुसरे उदाहरण रेल्वेत गँगमन म्हणून राबून निवृत्त झालेल्या एका तात्यांचे. पाच वर्षांपूर्वी त्यांचा खुबा बदलला. कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत ठणका सुरू झाला. सगळ्यांनी ठरवून टाकले की सांधा गेला, पुन्हा कापावे लागणार. तात्यांनी धास्तीने जेवण सोडले. एक्स-रेत काही नव्हते. बोन स्कॅनमध्येही सांध्याभोवती सर्व शांत होते. डॉक्टरांनी मग कंबर तपासली. मणक्यापाशी एक शीर दबली होती. औषध आणि व्यायामावर भागले आणि चांगल्या सांध्याला हातही लावावा लागला नाही.

आमच्या मते या दुसऱ्या निकालाची किंमत पहिल्याइतकीच आहे. पुरेसा काळ उलटून गेल्यावर केलेला बोन स्कॅन शांत असेल, तर सांधा ढिला असण्याची शक्यता फारच कमी उरते. विनाकारण होणारी शस्त्रक्रिया टळते. घर वाचते, माणूसही वाचतो.

साक्षीदार खरा, पण एकटा पुरेसा नाही

या तपासणीच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नाही तर उद्या कोणी लेख घेऊन डॉक्टरकडे जाईल आणि स्कॅनच काढा म्हणून बसेल.

पहिली मर्यादा काळाची. नवा सांधा बसवल्यावर भोवतालचे हाड नैसर्गिकरीत्याच काम करीत असते. सिमेंटने बसवलेल्या खुब्याभोवती साधारण वर्षभर, सिमेंटविना बसवलेल्या खुब्याभोवती दोन वर्षांपर्यंत आणि गुडघ्याभोवती तर त्याहूनही अधिक काळ चित्र गडद दिसू शकते. दुखत नसलेल्या गुडघ्यातही ते दिसते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर थोड्याच महिन्यांत काढलेल्या स्कॅनवरून घाबरून जाऊ नये.

दुसरी मर्यादा अर्थाची. गडद डाग म्हणजे 'येथे हाड फार काम करते आहे' एवढेच. ते ढिलेपणाने असेल, संसर्गाने असेल, बारीक अस्थिभंगाने असेल किंवा सांध्याभोवती जादा हाड वाढल्यानेही असेल. औषध देताच काढलेली रक्तप्रवाहाची चित्रे आणि काही तासांनंतरची हाडाची चित्रे अशी तीन टप्प्यांची तपासणी केल्यास थोडा अधिक उलगडा होतो. स्कॅनसोबत सीटी जोडणारी यंत्रेही आता आली आहेत. त्यांमुळे डाग नेमका कोठे आहे ते कळते. तरीही ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या तपासण्या, सांध्यातील पाण्याची तपासणी आणि गरज पडल्यास पांढऱ्या पेशींचा वेगळा स्कॅन, असे सारे पुरावे एकत्र ठेवूनच निर्णय होतो. 

आणखी एक सूचना. सांधा दुखतो म्हणून दुकानातून मनाने अँटिबायोटिक आणून घेऊ नये. तसे केल्यास पाण्याच्या तपासणीत जंतू सापडत नाहीत आणि संसर्ग लपून राहतो. ताप आला, सांधा लाल व गरम झाला, जखमेतून पू आला किंवा पायावर भारच देता येईना, तर स्कॅनची वाट न पाहता त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडे जावे.

तपासणीच्या दिवशी

बोन स्कॅनला सहसा उपाशी राहावे लागत नाही. शिरेत इंजेक्शन देतात, मग दोन ते चार तास थांबावे लागते. या काळात भरपूर पाणी प्यावे आणि वारंवार लघवीला जाऊन यावे. (किडनीच्या किंवा हृदयाच्या आजारामुळे पाणी मोजून घेणाऱ्यांनी आधी विचारावे.) नंतर टेबलावर साधारण अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहायचे असते. दुखत नाही. एमआरआयसारखा खडखडाट नसतो आणि पायातला धातू आड येत नाही. विंचूरहून नाशिकला किंवा मुंबईला जाणाऱ्यांनी पूर्ण दिवस हाताशी ठेवावा, डबा आणि पाण्याची बाटली न्यावी. म्हाताऱ्या माणसाला एकटे पाठवू नये. सोबतीला गरोदर सून मात्र नको. त्या दिवशी आजीने तान्ह्या नातवाला फार वेळ मांडीवर घेऊ नये. रुग्ण बाई स्वतः गरोदर असेल किंवा अंगावर पाजत असेल तर तिने आधीच सांगावे.

सिकलसेलच्या रुग्णांसाठी

विदर्भातील आमच्या वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे. सिकलसेलचा आजार आदिवासी बांधवांत तसाच आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणात आढळतो. या आजारात खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो मरतो आणि ऐन पंचविशी-तिशीत सांधा बदलण्याची वेळ येते. तरुण माणूस तो सांधा अधिक वर्षे आणि अधिक जोराने वापरणार. शिवाय या रुग्णांना संसर्गाचा धोकाही जास्त. म्हणून त्यांनी दुखत नसतानाही ठरलेल्या वेळी एक्स-रे काढून घ्यावेत. स्कॅनला जाताना सिकलसेल असल्याचे आवर्जून सांगावे. या आजारात हाडांचे आणि मज्जेचे चित्र मुळातच वेगळे दिसते. वाचणाऱ्या डॉक्टरला ते माहीत नसेल तर गफलत होऊ शकते.

कागद जपा!

आता आमच्या धंद्याची गोष्ट. आम्ही कारकून. कागदाची किंमत आम्हाला कळते. पण या विषयात कागद किती मोलाचा आहे ते साऱ्या देशाला एका प्रकरणाने दाखवून दिले.

जॉन्सन अँड जॉन्सनच्या डिप्यू कंपनीचा 'एएसआर' नावाचा खुब्याचा सांधा होता. त्यात धातूवर धातू घासत असे. तो अपेक्षेपेक्षा लवकर निकामी होऊ लागला. घासलेल्या धातूचे कोबाल्ट आणि क्रोमियम रक्तात उतरल्याचे आढळले. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने जगभरातून तो परत घेतला. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनानेही या प्रकरणी पोलिसांत तक्रार नोंदवली. केंद्र सरकारने २०१७ मध्ये तज्ज्ञ समिती नेमली. समितीचा अहवाल २०१८ मध्ये आला आणि त्याच वर्षी नुकसानभरपाईचे सूत्र ठरले. भारतात हा सांधा बसवलेले रुग्ण सुमारे ४,७०० होते. त्यांपैकी शोध लागला तो केवळ एक हजाराहून थोड्या अधिक लोकांचा. बाकीचे गेले कोठे? कित्येकांना आपल्या पायात कोणत्या कंपनीचा सांधा आहे हेच ठाऊक नसणार. भरपाई जाहीर झाली, पण कागद नाही म्हणून माणूसच सापडत नाही, यापरते दुर्दैव कोणते?

म्हणून सांधा बदललेल्या प्रत्येक घराने एक पिशवी करावी आणि तीत पुढील गोष्टी ठेवाव्यात. रुग्णालयातून सोडतानाचा डिस्चार्ज कागद. सांध्याच्या खोक्यावरचे स्टिकर, ज्यावर कंपनीचे नाव, आकार आणि लॉट क्रमांक असतो. हे स्टिकर रुग्णालयाच्या नोंदीत चिकटवतात, त्याची प्रत मागून घ्यावी. बिलाची मूळ प्रत. शस्त्रक्रियेनंतरचा पहिला एक्स-रे आणि त्यापुढचे सर्व एक्स-रे, मागे तारीख लिहून. सीडी दिली असेल तर सीडी. एक्स-रेची फिल्म ग्रहण पाहायला देऊ नये आणि चांदीच्या लोभाने भंगारातही घालू नये. मोबाइलवर या साऱ्याचे फोटो काढून मुलाकडे आणि मुलीकडे, दोघांकडेही ठेवावेत.

सांध्याबाबत गंभीर तक्रार असेल तर ती नोंदवण्यासाठी २०१५ पासून देशात वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणारा 'मटेरिओव्हिजिलन्स' कार्यक्रम आहे. गाझियाबादचा भारतीय औषधकोश आयोग तो चालवतो. तेथे रुग्णालाही तक्रार नोंदवता येते. डॉक्टरांना सांगून किंवा स्वतः लिहून ती नोंदवावी.

पैशाचा प्रश्न

खर्चाच्या भीतीने तपासणी टाळणारे पुष्कळ आहेत, म्हणून दोन शब्द. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमियमचा साधा सांधा कर सोडून ५४,७२० रुपये आणि दुसऱ्यांदा करावयाच्या शस्त्रक्रियेचा सांधा १,१३,९५० रुपये, अशा त्या मर्यादा होत्या. पुढे त्यांना मुदतवाढ आणि दुरुस्त्या होत गेल्या. चालू दर विचारून घ्यावा आणि बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवायला सांगावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले दुखणे बसते का, हे योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावे. सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांत मुलगा कामाला असेल आणि त्याचे कामगार विम्याचे कार्ड असेल, तर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही त्याचा लाभ मिळू शकतो. योजनांच्या याद्या बदलत असतात, तेव्हा ऐकीव माहितीवर राहू नये. विचारायला लाजू नये. ही भीक नव्हे, हा हक्क आहे.

सुना-मुलांनो, हे तुमच्यासाठी

आई सांगणार नाही. वडील तर मुळीच सांगणार नाहीत. तेव्हा तुम्हीच पाहा. बसून उठताना पहिल्या पावलांना थबकतात का? जांघेत किंवा मांडीत हात दाबून धरतात का? एक पाय आखूड पडल्यासारखे चालतात का? सोडलेली काठी पुन्हा घेतली का? रात्री कूस बदलताना कण्हतात का? यांपैकी काही दिसले तर महिना-दोन महिने वाट पाहू नका.

स्वतः बाबासाहेबांना मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने शेवटची कित्येक वर्षे छळले. अंगात दुखणे असताना तो महापुरुष आपल्यासाठी काम करीत राहिला, हे आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्यांनी दुखणे अंगावर काढा असे कोणाला शिकवले नाही. तथागतांनी आजारी भिक्खूची सेवा स्वतःच्या हातांनी केली आणि संघालाही तेच शिकवले.

ज्या पायांनी आपल्याला शाळेपर्यंत पोहोचवले, ते पाय आज घरात लंगडत असतील तर या रविवारी वंदनेहून आल्यावर आईजवळ बसा आणि विचारा, "आई, पाय दुखतो का? खरं सांग." ती नाही म्हणेल. तिला उठवून चार पावले चालायला लावा आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मग सोमवारी कागदांची पिशवी घेऊन डॉक्टरांकडे चला.

जयभीम! नमो बुद्धाय!